वयस्कर माणसासाठी डायपर: टेपवाला घ्यावा की पँटवाला, आणि रात्रभर कोणता टिकतो?

तुमचे वडील ७४ वर्षांचे, अर्धांगवायूनंतर लघवीवर ताबा राहिला नाही, डायपर लावूनही रात्री दोन-दोनदा चादर बदलावी लागते, म्हणून कुठल्या कंपनीचा आणि टेपवाला की पँटवाला, असं तुम्ही विचारलंय. मी माझ्या सासऱ्यांचं, दादांचं, साडेतीन वर्षं सगळं केलं. नाशिकला सिडकोत दोन खोल्यांचं घर, मिस्टरांची अंबड एमआयडीसीत पाळीची नोकरी, त्यामुळे निम्म्या रात्री मी एकटीच असायचे. तुमची ती चादरीची दमणूक मला माहीत आहे.

कंपनीचं नाव आधी नको. आधी तीन गोष्टी मोजा: कंबर, मांडी आणि रात्रीची लघवी. हे न मोजता आम्ही पहिल्या चार महिन्यांत पाच-सहा प्रकारची पाकिटं आणली आणि प्रत्येक वेळी डायपरलाच दोष दिला.

माप पँटच्या नंबरावरून घेऊ नका. दादांची पँट ३६ची होती म्हणून मेडिकलवाल्याने लार्ज दिला. आजारपणात ते इतके वाळले होते की मांडीपाशी माझी चार बोटं आत जायची, आणि गळायचं नेमकं तिथूनच. शिंप्याकडची टेप घ्या. बेंबीखाली कंबर, नंतर नितंबांचा सगळ्यात रुंद भाग, दोन्ही मोजा, आणि जे जास्त येईल ते पाकिटावरच्या इंचांशी ताडून बघा. मांडीचं माप वेगळं लिहून ठेवा. दोन साइजच्या मधलं माप आलं आणि मांड्या बारीक असतील तर लहान साइज घ्या. मोठा डायपर जास्त धरतो हा समज चुकीचा आहे. सैल राहिला की कडेने वाट मिळते.

रात्रीची लघवी मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कोरा डायपर आधी तोला, काढलेला पिशवीत गुंडाळून तोला. फरक जितके ग्रॅम, साधारण तितके मिलिलिटर. दादांचा कोरा १२० ग्रॅमच्या आसपास भरायचा. रात्री दहाला लावलेला दोन वाजता काढला की चारशे ग्रॅमने वाढलेला असायचा, आणि सकाळी सहाला पुन्हा तेवढाच. म्हणजे रात्रीत आठशे मिली. दिवसा मात्र प्रत्येक वेळी दोनशे-अडीचशेच्या वर जात नसे. हे आकडे वहीत लिहिल्यावर कळलं की दिवसा आणि रात्री एकच डायपर वापरण्याची गरजच नाही.

आता टेप की पँट. वडील धरून का होईना, उभे राहत असतील, संडासात कमोडपर्यंत नेता येत असेल, तर दिवसा पँटवाला द्या. तो चड्डीसारखा वर-खाली होतो, माणूस स्वतः प्रयत्न करतो, आणि उरलेली सवय मोडत नाही. काढताना मात्र तो पायांतून ओढू नका, दोन्ही बाजूंची शिवण फाडून काढा. माणूस बहुतेक वेळ पडून असेल तर टेपवालाच. पडलेल्या माणसाला पँटवाला चढवायचा म्हणजे लेंगा पूर्ण उतरवा, दोन्ही पाय उचला, मग कंबर उचला. एकट्या बाईने रात्री दोन वाजता हे करणं पाठीला झेपत नाही. टेपवाला एका कुशीवर वळवून सरकवता येतो. दादा घरात लुंगीच नेसायचे, त्यामुळे रात्रीचं काम अंग फारसं उघडं न टाकता व्हायचं. तुमच्याकडेही लेंगा बदलून लुंगी करता आली तर बघा.

लावण्याची रीत मला एका नर्सताईंनी शिकवली, आणि आमचं निम्मं गळणं त्या दिवशीच थांबलं. डायपर उघडला की आधी लांबीत दुमडून दोन्ही हातांनी जरा ताणायचा, म्हणजे आतल्या दोन उभ्या झालरी बाहेर येतात. त्यांना लीक गार्ड म्हणतात. त्या दबलेल्या राहिल्या तर डायपर कितीही महाग असो, जांघेतून गळणारच. लावून झाल्यावर जांघेत बोट फिरवून त्या उभ्या आहेत ना ते बघायचं. पुरुषांच्या बाबतीत दुसरी गोष्ट, जी कोणी सांगत नाही: टेप लावण्याआधी लिंग खालच्या दिशेला आहे ना ते पाहायचं. वर किंवा कडेला राहिलं तर धार थेट कंबरेच्या पट्ट्याकडे जाते, आणि डायपर खाली कोरडा आणि बंडी ओली असा प्रकार होतो. मग खालच्या दोन टेप आधी, किंचित वरच्या दिशेने. वरच्या दोन नंतर, किंचित खाली झुकवून. पोटाशी दोन बोटं जातील इतकीच ढिलाई.

पहिल्यांदा मी हे करत होते तेव्हा दादा मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. आयुष्यभर सुनेसमोर टोपी न काढलेला माणूस. मी त्यांना म्हटलं, "दादा, मी आधी चादर टाकते, मग खालून करते, तुम्ही फक्त कुशीवर व्हा." त्यांनी मान हलवली. त्यानंतर प्रत्येक वेळी काय करणार आहे ते मी त्यांना आधी सांगायचे, आणि अंगावर चादर ठेवूनच हात घालायचे. आमच्याकडे दिवसा येणाऱ्या मावशींनाही मी हेच सांगून ठेवलं होतं.

आता कंपन्यांकडे येते. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये सहज दिसणाऱ्यांत फ्रेंड्स हा मुंबईच्या नोबेल हायजिनचा, लायफ्री जपानच्या युनिचार्मचा, डिग्निटी रॉमसन्सचा. ऑनलाइन बघाल तर स्वीडनच्या एसिटीचा टेना आणि पोलंडच्या टीझेडएमओचा सेनीसुद्धा दिसेल. प्रत्येकाचे तीन-तीन, चार-चार प्रकार आहेत, त्यामुळे "अमुक कंपनी चांगली" या वाक्याला अर्थ उरत नाही. एकाच कंपनीचा साधा आणि रात्रीचा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आत सगळ्यांचं काम एकाच तऱ्हेने चालतं: वर मऊ पातळ कापडासारखा थर, त्याखाली लघवी पसरवणारा थर, मग लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात मिसळलेले साखरेसारखे दाणे, आणि बाहेर न झिरपणारं आवरण. ते दाणे साध्या पाण्यात स्वतःच्या वजनाच्या कित्येकशे पट फुगतात, पण लघवीत क्षार असतात, त्यामुळे तिथे ती ताकद साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. म्हणून दुकानदार नळाचं पाणी ओतून दाखवतो त्या प्रयोगावर जाऊ नका.

पाकिटावरच्या मिलिलिटरच्या आकड्यावरही विसंबू नका. शोषणक्षमता मोजण्याची आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची ११९४८-१ ही जी जुनी पद्धत आहे, तिच्यात अख्खा डायपर द्रवात बुडवून, निथळून तोलतात. खाटेवर माणूस त्याच्यावर वजन टाकून पडलेला असतो, एका कुशीवर असतो, आणि लघवी एकाच जागी धारेने येते. दाणे अजून कोरे असतानाच बाहेर गळू शकतं ते यामुळेच.

मी काय केलं ते सांगते. दर अर्धा लिटर कोमट पाण्याला सपाट छोटा चमचा, म्हणजे चार-पाच ग्रॅम, या हिशेबाने मीठ विरघळवलं. चार निरनिराळ्या डायपरांचे एकेक नग ओट्यावर पसरले आणि प्रत्येकाच्या मध्याच्या थोडं पुढे दीडशे मिली एकदम ओतलं, सेकंद मोजले. दहा मिनिटांनी पुन्हा दीडशे, आणि दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी चौघेही वीस-पंचवीस सेकंदांत कोरडे दिसले, फरक कळलाच नाही. दुसऱ्या वेळी स्वस्तातल्या दोघांवर पाणी मिनिटभर तळ्यासारखं साचलं आणि एकाचं कडेवरून ओट्यावर आलं. तिसऱ्यानंतर मी प्रत्येकावर घडी घातलेला टिश्यू ठेवून वर तुरीच्या डाळीचा भरलेला डबा ठेवला. एकाचा टिश्यू जेमतेम ओलसर होता, एकाचा पिळून निघाला असता. तो पिळण्याजोगा टिश्यू म्हणजे दादांची पाठीखालची कातडी, हे तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तुम्हीही दोन नग खर्ची घालून हे करा. कुठल्या प्रकाराचं दहाचं पाकीट घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

पैशाचा हिशेब नगावर करू नका, दिवसावर करा. २८ रुपयांचा पाच वेळा बदलावा लागला तर १४०. ४२चा तीन वेळात भागला तर १२६, शिवाय चादरी धुणं वाचलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीने कोणी देत असेल तर विचारा.

एक चूक माझ्याकडून झाली ती तुमच्याकडून नको. रात्री टिकावं म्हणून मी एकावर एक दोन डायपर लावायचे. आतल्याला बाहेरून प्लास्टिकचं आवरण असतं, त्यामुळे तो भरला की लघवी दुसऱ्यात जातच नाही, दोघांच्या मधून बाहेर येते. जास्त धारण हवी असेल तर आत घालायचे पॅड मिळतात, ज्यांना मागे प्लास्टिक नसतं. तेच घ्या. आणि खाली धुता येणारं अंडरपॅड घाला. नुसतं मेणकापड टाकलं की पाठ घामाने भिजते.

डायपर पूर्ण भरेपर्यंत थांबायचं नाही. बाहेरची पिवळी रेघ निळी-हिरवी झाली की ओल आहे एवढंच ती सांगते. दिवसा चार तासांच्या आसपास बदला, आणि संडास झाली असेल तर त्या क्षणी. कोमट पाण्याने पुसून, टिपून कोरडं करा, घासू नका. झिंक ऑक्साइडचं मलम अगदी पातळ लावा. थापलं तर डायपरची शोषणाची वाटच बंद होते. टाल्कम पावडर नको, ती ओलीत गोळे होऊन जांघेत काचते. लाली पसरून भोवती बारीक ठिपके उठायला लागले तर ते बुरशीचं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. आणि दर दोन तासांनी कूस बदलणं डायपर कोरडा असला तरी चुकवू नका.

आता मनापासून एक विनंती. डायपरच्या आधी किंवा बरोबरीने लघवीची तपासणी आणि लघवी झाल्यानंतरची सोनोग्राफी करून घ्या. दादांचं सतत थेंब-थेंब यायचं, ते आम्ही सगळं अर्धांगवायूच्या खात्यावर टाकलं होतं. सात महिन्यांनी कळलं की प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीची पिशवी कधी पूर्ण रिकामीच होत नव्हती, भरून वाहत होती. औषध सुरू झालं आणि रात्रीचे चारशे ग्रॅम अडीचशेवर आले. ते सात महिने मला अजून टोचतात. मधुमेह, जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेणं, या सगळ्यांनी गळणं वाढतं. गोळीची वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पायांना सूज असेल तर दुपारी दोन तास पाय उशीवर ठेवा. दिवसभर पायात उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटे येतं. पण पाणी तोडू नका. लघवी घट्ट झाली की कातडी जास्त जळते आणि संसर्गही लवकर होतो. रात्रीपुरता कॉन्डोम कॅथेटर, म्हणजे लिंगावर कॉन्डोमसारखं चढवून नळीने लघवी पिशवीत नेणारं साधन, हाही पुरुषांसाठी पर्याय आहे. आम्ही महिनाभर वापरला, पण दादांची कातडी चिकटपट्टीने सोलायला लागली म्हणून सोडला. तुमच्याकडे चालूही शकेल.

वापरलेला डायपर कमोडमध्ये टाकू नका, दाणे फुगून पाइप बंद होतो. आत संडास असेल तर ती आधी कमोडमध्ये झटका, डायपर आतल्या बाजूला घट्ट गुंडाळा, त्याच्याच टेपने बांधा, वर्तमानपत्रात घालून त्यावर लाल खूण करा आणि घंटागाडीत वेगळा द्या. कचरा निवडणारा माणूस हाताने उघडून बघतो, त्याला आधीच कळलेलं बरं.

वडिलांची कंबर-मांडीची मापं आणि दोन रात्रींची वजनं मला लिहा. कुठला साइज लागेल आणि रात्री किती वाजता एकदाच उठून भागेल, ते बसून काढू.