बेळगावात वेब पेज टेम्पलेटच्या युनिव्हर्सिटी स्टडीसाठी व्हॉलंटियर्स कुठून मिळवू?

फक्त व्हीटीयूच्या (इथल्या इंजिनिअरिंग विद्यापीठाच्या) पोरांवर थांबू नका, त्यांना रोज स्क्रीन बघायची सवय, त्यांना कुठलंही टेम्पलेट (पानाचा तयार साचा) जमतंय. खानापूर, निपाणीकडची माणसं घ्या, खडेबाजारातले दुकानदार, वाचनालयात पेपर वाचायला येणारे काका, आणि मराठी-कन्नड दोन्ही वाचणारे तर हवेतच, कारण इंग्रजीत बरोबर बसलेला मेनू आपल्या लिपीत दोन ओळींवर जातो, जोडाक्षरं कापली जातात, हे त्यांनाच दिसणार. वेबसाइट वापरायला सोपी आहे का हे तपासणारे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलंय की ५ जणांत बहुतेक अडचणी कळतात, पण ते एका प्रकारच्या वापरणाऱ्यांसाठी, दोन टेम्पलेटची आकड्यांत तुलना करायची तर जास्त लागतील. आधी युनिव्हर्सिटीच्या एथिक्स कमिटीची (माणसांवरचा अभ्यास योग्य रीतीने होतोय का हे बघणारी समिती) परवानगी घ्या, संमतीपत्र मराठीतच द्या, आणि मधेच उठून गेलं तरी चालतंय हे तोंडी सांगा, लोक संकोचाने बसून राहतात.