तीन किलो बेदाणे आणि पायथनची पुस्तिका

प्रश्न : तासगावात माझा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे, अकरावी-बारावीची आणि डिप्लोमाची पोरं येतात. जाडजूड इंग्रजी पुस्तकं त्यांना झेपत नाहीत म्हणून मराठीत पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर छोटी पुस्तिका लिहायला घेतलीय. कॉम्प्युटरचा इतिहास, भाषांचे प्रकार, पायथनचे फायदे असं करत करत वीस पानं झाली आणि अजून एकही प्रोग्रॅम आलेला नाही. बरोबर चाललंय का? आणि छापताना काय बघावं?

उत्तर : सर, ती वीस पानं सरळ काढून टाका, राग मानू नका. इतिहास दोन ओळींत बसतो, गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली पायथन बाहेर आणली, संपलं. आपण पायथन ३ शिकतोय हे मात्र ठळक लिहा, कारण पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० पासून बंद आहे तरी नेटवर जुनी उदाहरणं पडलेली असतात, त्यात प्रिंटला कंस नसतो, पोरं तसंच टाइप करतात आणि मग एरर बघत बसतात.

पहिल्याच पानावर प्रोग्रॅम द्या, तोही तासगावचा. बेदाण्याचा किलोचा दर इनपुटने विचारायचा, त्याला ३ ने गुणायचं आणि प्रिंट करायचं. पोरगं २०० टाकणार आणि उत्तर येणार २००२००२००, म्हणजे तीन किलोला वीस कोटींच्या वर! वर्ग हसेल, हसू द्या. आता सांगा की इनपुटमधून येतो तो मजकूर, आकडा नव्हे, आणि मजकुराला तीनने गुणलं की तो तीनदा लागोपाठ लिहिला जातो. दराला इंट, म्हणजे मजकुराचा आकडा करणारी आज्ञा, लावली की ६०० येतात. डेटा टाइपवर चार पानं लिहिण्यापेक्षा हे कधीही चांगलं. (गंमत म्हणजे इंटला देवनागरी २०० दिलं तरी चालतं, आणि व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवतो त्या जागेचं, नाव 'दर' ठेवलं तरी पायथन ३ कुरकुर करत नाही. पण परीक्षेचा विचार करून नावं इंग्रजीच शिकवा.)

पुढे इफ (अट), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा), लिस्ट (यादी), फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) एवढंच पुरे. पायथनमधलं 'क्लास' हे अवघड प्रकरण वगैरे पुढच्या पुस्तिकेत. प्रत्येक प्रोग्रॅमखाली तो कुठे फसतो ते आणि स्क्रीनवर येणारा एरर जसाच्या तसा छापा, इंग्रजीतच, कारण पोरांना तोच दिसणार आहे, खाली मराठीत अर्थ. लूपला आकडे पुरवणारी रेंज १ ते ११ दिली तर १० लाच का थांबते हे पण घ्या, तिथे सगळेच अडतात.

छपाईचं म्हणाल तर पिनअप (मधोमध पिना मारलेल्या) बांधणीला पानं चारच्या पटीत लागतात, ३२ ठेवा. खरा घोळ डीटीपीत, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवताना, होतो. सरळ अवतरणचिन्हं सॉफ्टवेअर आपोआप वळणदार करतं आणि तसला कोड पीडीएफमधून कॉपी केला की सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमातली चूक. शिवाय ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा डीटीपीवाला नीटनेटकं दिसावं म्हणून काढून टाकतो, आणि पायथनचा तर सगळा जीव त्या जागेत, कुठली ओळ कशाच्या आत हे तिच्यावरूनच ठरतं! त्यामुळे कोडला सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असतील असा वेगळा फाँट घ्या, आणि प्रूफ तुम्ही स्वतः तपासू नका, तुम्हाला पाठ असतं. एखाद्या नवख्या पोराला प्रूफ बघून सगळे प्रोग्रॅम टाइप करायला बसवा, तो जिथे अडेल तिथे पेन फिरवा आणि मगच छापायला द्या.