पेशी टोचून टकलावर नवे केस उगवतात का?

प्रयोगशाळेत, काही प्रमाणात, हो. दवाखान्यात मिळणारा सिद्ध उपचार म्हणून अजून नाही.

केसाच्या मुळाशी 'डर्मल पॅपिला' नावाचा पेशींचा बारीक पुंजका असतो. 'इथे केस उगव' हा हुकूम तोच वरच्या त्वचेला देतो. १९९९ साली इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातल्या कॉलिन जहोदा यांनी स्वतःच्या डोक्यातल्या केसांच्या मुळांभोवतीच्या पेशी सहसंशोधक अमांडा रेनॉल्ड्स यांच्या हातावर बसवल्या आणि तिथे खरंच केस आले! (रेनॉल्ड्स या त्यांच्या पत्नीच, नाहीतर कोण तयार झालं असतं?)

मग घोडं अडलं कुठे? एका माणसाला हजारो केस हवेत, म्हणजे पेशी बाहेर वाढवाव्या लागणार. पण सपाट बशीत वाढवल्या की माणसाच्या पॅपिला पेशी तो हुकूम द्यायचंच विसरतात. २०१३ मध्ये जहोदा आणि कोलंबिया विद्यापीठाच्या अँजेला क्रिस्टियानो यांच्या गटाने त्याच पेशी द्रवाच्या लोंबत्या थेंबात गोळा करून वाढवल्या, तेव्हा तो गुण थोडा परतला. ७ पैकी ५ दात्यांच्या पेशींनी उंदरांवर लावलेल्या मानवी त्वचेत केस उगवले. तरी रंग, दिशा आणि वर्षानुवर्षं टिकणं हे प्रश्न उरतातच.

आणि जाहिरातीतल्या 'स्टेम सेल' (इतर पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) पॅकेजला भुलू नका. त्यात पीआरपी असं लिहिलेलं दिसलं, तर ते म्हणजे तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स, स्टेम सेल नव्हेत. हेअर ट्रान्सप्लांटमध्येही मागचे केस मुळासकट पुढे लावतात, नवा एकही उगवत नाही.