जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी पालकांनी निधी कसा उभा करावा?

तुम्ही लिहिलंय की पालक सभेत दर मुलामागे 500 रुपये ठरले, निम्म्यांनी दिले नाहीत आणि आता देणारे न देणाऱ्यांशी बोलत नाहीत. आमच्याकडे 200 ठरले होते, बाकी सगळं अगदी असंच झालं.

मी सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत चार वर्षं शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. पट 64. पहिलीच बैठक, अंगात जोर, ठराव करून मोकळे झालो. पुढच्या सोमवारी चौथीतली एक पोरगी शाळेलाच आली नाही. आई दुसऱ्याच्या द्राक्षबागेत रोजानं जाणारी. घरी गेले तर म्हणाली, "वैनी, बाजारादिवशी पैसं हातात आलं की देते, तवर तिला वर्गात उभी करू नका." कुणी उभी करणार नव्हतं, पण पोरीनं तसं धरलं होतं. पुढच्या बैठकीत ठराव मागे घेतला.

तसंही 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 वयाच्या मुलांचं शिक्षण मोफत आहे. सरकारी शाळेत सक्तीची वर्गणी बसवताच येत नाही, स्वखुशीची देणगी वेगळी. आणि आज या शाळांत मुलं कुणाची आहेत ते बघा. ज्यांच्या दारात इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी येते त्यांची नाहीत. म्हणजे गावातला पैसा शाळेच्या पालकांकडे नाहीच! मात्र त्याच कायद्यानं समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बायका लागतात. मुख्याध्यापक नुसते सचिव. तेव्हा पालकांनी खिशात हात घालायचा नाही, चार जणांनी मिळून गावात मागायला निघायचं. हे कळायला माझं एक वर्ष गेलं.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं. 31 ते 100 पटाला वर्षाला 25,000 रुपये. त्यात डागडुजी, खडू, वीज, पाणी, संडासाची सफाई सगळं बसवायचं. बसत नाही.

आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. गलाईवाले म्हणतात त्यांना. वर्षातून एकदा, यात्रेला, सगळी गावी येतात. आम्ही पालखीच्या आदल्या दिवशी सकाळी शाळा उघडी ठेवली. चहा केला आणि फळ्यावर यादी लिहिली: पाण्याचा फिल्टर, 12 बाकं, दोन पंखे, कुंपणाची जाळी. समोर किमती, विट्यातल्या दुकानाचं कोटेशन खाली चिकटवलेलं. "शाळेला मदत करा" म्हटलं की माणूस "बघू" म्हणतो. "हा पंखा 1,900 चा" म्हटलं की निदान पंख्याकडे तरी बघतो. दुपारपर्यंत जाळी सोडून सगळ्यावर नावं लागली.

यातली खोड अशी, की ज्यावर नाव रंगवता येतं तेच लोक देतात. एकानं मोठा टीव्ही दिला आणि तीन महिन्यांत बिल थकून शाळेची वीज तोडली. लाईट बिल कोण देणार? शेवटी मीटरच्या पेटीशेजारी भिंतीवर एक पाटी केली: 'या वर्षाची वीज यांच्याकडून'. हसाल, पण त्या पाटीसाठी आता पुढच्या वर्षाचा माणूस आधीच ठरलेला असतो.

दुसरी गोष्ट, जुनं सामान घेऊ नका. एका गृहस्थांनी ऑफिसातले सहा बंद कॉम्प्युटर टेम्पोनं पाठवले. एकदा डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलं की निर्लेखनाची, म्हणजे ते यादीतून काढून टाकायची, मंजुरी मिळेपर्यंत ते भंगारातही देता येत नाही. आमची अर्धी खोली अजून त्यांनीच अडवलीय.

खरा पैसा मात्र स्नेहसंमेलनात. गॅदरिंगला पोरं नाचतात, पुढच्या सतरंजीवरून हात वर होतो, नोट आणि कानात नाव, आणि सर माइकवर पुकारतात. हे गावोगाव चालतं, पण नोंद कुणी ठेवत नाही. पहिल्या वर्षी एका आईनं "माझ्या पोरीला दिलेले पैसे माझे" म्हणून स्टेजमागं भांडण काढलं, आणि तिचंही चूक नव्हतं. पुढच्या वर्षी नारळ फोडतानाच सांगितलं: बक्षीस शाळेला, पोरांना समितीकडून वह्या. एक आई पेटी घेऊन, दुसरी वही घेऊन, आणि पावती तिथल्या तिथं. मग दोन भावक्या जुंपल्या. एकानं 501 पुकारले की पलीकडून 1,001. गावातली भाऊबंदकी शाळेच्या कामी आली ती तेवढी एका रात्रीत. अंडी विकणाऱ्या एका आजीनं 21 रुपये दिले. सरांनी "अमक्याच्या मातोश्री" असं पुकारलं, तर म्हातारी उठून माइकपाशी गेली आणि स्वतःचं नाव घ्यायला लावलं. त्या रात्री 38,000 जमले. आदल्या वर्षी 11,000 होते.

भाऊराव पाटलांनी 1919 ला कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. त्या काळच्या मुष्टिफंडाची, घरोघर मूठ मूठ धान्य बाजूला काढण्याची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. तिचं नाव घेऊन सुगीत शाळू मागितला. दोन पोती जमला, विकून पाण्याची टाकी आणि नळ झाले. पैसे न देणारी घरंही शेरभर शाळू हसत देतात. आणि ग्रामपंचायतीला सोडू नका. केंद्राकडून येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीत पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव वाटा असतो. शाळेचं स्वच्छतागृह ग्रामसभेत गावाच्या विकास आराखड्यात घालून घ्या. ते वर्गणीतून बांधत बसलात तर मूर्खात निघाल.

पैसे समितीच्या खात्यात, अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांच्या संयुक्त सहीनं. रोख रक्कम रात्रभर सरांच्या कपाटात ठेवू नका. त्यांच्यावरच बोट येतं. आमचा हिशेब शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, एसटीची वाट बघत लोक उभे राहतात तिथं लावलेला असायचा. एकदा बेरजेत 40 रुपयांची चूक झाली, तर संध्याकाळपर्यंत मला चार जणांनी सांगितली.

आता तुमचे जमलेले 500-500. आधी प्रत्येकाला पावती द्या, आणि सभेत सांगा की ज्याला परत हवेत त्यानं न लाजता न्यावेत. आमच्याकडे एकच जण 200 रुपये परत घेऊन गेला, वर दोन शब्द सुनावूनही गेला. जानेवारीत गॅदरिंगला त्याच्या पोराचा पोवाडा होता. 501 त्यानंच पुकारायला लावले, आणि पावती मात्र दोनदा वाचून घेतली.