माझी ७ वर्षांची मुलगी २५ मीटर पोहते, म्हणजे तिला पोहायला येतं असं धरायचं का?

नुसत्या मीटरवर जाऊ नका हो. इंग्लंडच्या शाळांत प्रायमरी संपेपर्यंत किमान २५ मीटर यायला हवं असं आहे, पण सोबत वेगवेगळे स्ट्रोक आणि पाण्यात स्वतःला वाचवता येणं हेही आहे, ते कोणी बघत नाही. मला नेदरलँड्सची पद्धत भारी वाटते, तिथे पहिल्या 'ए' डिप्लोमालाच पोरांना अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात उतरवतात आणि पाण्याखाली कापडाच्या भोकातून जायला लावतात, कारण कालव्यात पडणारं पोर काय स्विमसूट घालून पडतं का! पुढच्या वेळी टँकवर कोचसमोर बघा, उडी मारून स्वतः वर येते का, पाठीवर शांत तरंगते का. आमचा पुतण्या दोन लॅप मारायचा पण गॉगल निसटला की थेट काठ.