गैरहजर कोण? एका अरबी ग्रंथनामाची फोड

प्रश्न असा आला आहे: ‘इराणवरच्या एका मराठी लेखात शिया पंथाच्या “मन ला यहदुरुहु अल-फकीह” या जुन्या ग्रंथाचा उल्लेख वाचला. लेखकाने अर्थ दिला आहे, “जो फकिरापाशी हजर नसतो तो”. धर्मशास्त्राच्या ग्रंथात फकीर कुठून आला? आणि “यहदुरुहु”मध्ये आपलं “हजर” आहे असं कुणीतरी सांगितलं, ते खरं का? मग त्यातला ज कुठे गेला?’

शेवटचा प्रश्न आधी घेतो, तो सोपा आहे.

हो, तिथे आपलं हजरच आहे. अरबीत ‘दाद’ नावाचं अक्षर आहे, उच्चार जाडसर, घशाकडे ओढलेल्या दसारखा. इराण्यांच्या जिभेवर ते काही बसलं नाही. त्यांनी त्याचा ज केला, ‘जसा’मधला, ‘जीव’मधला नव्हे. मराठीत आलेले अरबी शब्द बहुतेक फारसीचं बोट धरून आलेले. म्हणून अरबांचा ‘कादी’ आपला काजी, ‘रमदान’ रमजान, ‘कर्द’ कर्ज, ‘गरद’ गरज, ‘मर्दी’ मर्जी. तसंच ‘हादिर’चं हाजीर आणि हजर. या रांगेत एकच शब्द हट्टी निघाला: हिंदी-उर्दूवाले ज्याला हौज म्हणतात त्याला आपण हौदच म्हणतो आणि नकळत अरबांच्या जवळ जातो. तुम्हाला या ग्रंथाचं नाव एखाद्या ठिकाणी ‘यह्जुरुहुल फकीह’ असं छापलेलं दिसलं, तर ती चूक नव्हे. तो फारसी-उर्दू वळणाचा उच्चार आहे.

आता नावाची फोड करू. ‘मन’ म्हणजे आपलं मन नव्हे. अरबीत ‘मन्’ म्हणजे ‘जो’. ‘ला’ हा नकार, लाचार, लावारीस, लाजवाब यांच्या तोंडाशी असतो तोच. (देवनागरीत ‘मन ला’ वाचताना मराठी डोळ्याला तो चतुर्थीचा प्रत्यय वाटतो, त्याला इलाज नाही.) ‘यह्दुरु’ म्हणजे ‘हजर असतो’. ‘हु’ म्हणजे ‘त्याच्यापाशी’. आणि शेवटी ‘अल-फकीह’, म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार. बोलताना या ‘अल’मधला अ गिळला जातो, म्हणून ‘यह्दुरुहुल फकीह’.

लेखकाची गाडी घसरली ती इथे. अरबीत कर्ता क्रियापदाच्या मागून येऊ शकतो. ‘हु’ हे कर्म क्रियापदाला आधीच चिकटलेलं आहे, ती जागा भरली. उरलेला फकीह कर्ताच असणार. म्हणजे अर्थ ‘जो फकिहापाशी हजर नसतो’ असा नाही, तर ‘ज्याच्यापाशी फकीह हजर नसतो’ असा. गैरहजर आहे तो फकीह.

माझ्या मते ही उलटापालट निव्वळ व्याकरणाच्या अज्ञानातून झालेली नाही. आपल्या कानाचाही त्यात हात आहे. मराठीत ‘हजर होणं’ हे नेहमी खालच्यानं वरच्यापुढे करायचं काम. आरोपी कोर्टात हजर होतो, नवा कारकून कामावर हजर होतो, पोरं हजेरीला ‘हजर!’ म्हणून ओरडतात. साहेब हजर होत नाहीत, साहेब येतात. अरबी क्रियापदात हा चढउतार नाही. कुणीही कुणापाशी हजर असू शकतो. आपल्याकडे मात्र याच धातूच्या लेकरांची दोन टोकांना वाटणी झाली. ‘हुजूर’ म्हणजे मुळात नुसती उपस्थिती, ती इतकी वर चढली की खुद्द धन्यालाच हुजूर म्हणू लागले. त्याच्या खासगीतला नोकर हुजऱ्या, राजाच्या खास तैनातीतली फौज हुजरात, पेशव्यांच्या खास घोड्यांची हुजूरपागा. संतसत्पुरुषांच्या नावामागे लागणारं ‘हजरत’ त्याच घरचं. मराठी माणसाला विद्वान फकीह ‘हजर’ कसा म्हणावं, हा संकोच वाटणारच. म्हणून वाक्य आपोआप उलटं फिरतं.

याच धातूचा एक शब्द आता फक्त दप्तरखान्यात उरला आहे: महजर. अरबी ‘महदर’, म्हणजे जिथे लोक हजर असतात ती जागा, आणि मग त्या हजर लोकांच्या साक्षीनं झालेला लेख. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की निवाड्याचा महजर होई. त्यावर हजर मंडळींची नावं आणि निशाण्या. अक्षर येत नसेल तर पाटील नांगर काढी. फकीह हजर नसलेल्यांसाठीचा ग्रंथ आणि हजर असलेल्यांच्या निशाण्यांचा महजर, दोन्हींचा धातू एक. (हिजरी, हिजरत, मुहाजिर मात्र या कुटुंबात नाहीत. त्यांतला ह वेगळा आणि ज खराखुरा ज आहे.)

आता फकीर. फकीह, फकीर आणि फिकीर ही तिळी भावंडं वाटतात, पण तिघांचे आईबाप वेगळे. फकीरचा धातू दारिद्र्याचा. फिकीरचा धातू विचार करण्याचा. त्यातला क साधा, बाकी दोघांतला पडजिभेजवळून येणारा, आणि मराठीला दोन्ही क सारखेच. फकीहचा धातू समजण्याचा. ‘फिक्ह’ म्हणजे आधी नुसती समज, पुढे धर्मशास्त्राची समज, मग ते शास्त्रच. फकीह म्हणजे त्या शास्त्राचा जाणकार. आपल्या जुन्या भाषेत ‘शास्त्री’ म्हणायचे तो साधारण तोच. शब्द काही फक्त शियांचा नाही. कोकणी मुसलमान सुन्नी, शाफई परंपरेचे, आणि त्यांच्यात फकीह हे आडनावच आहे. मुंबईत माहीमला ज्यांचा दर्गा आहे ते मखदूम अली माहिमी (1372–1431) हेही ‘मखदूम फकीह अली’ म्हणून ओळखले जातात. 1979च्या क्रांतीनंतर इराणची राज्यव्यवस्था ज्यावर उभी राहिली त्या ‘विलायत-ए-फकीह’मधला फकीहही हाच. तिथे कुणी फकिराची सत्ता म्हटलं तर अनर्थच.

ग्रंथ कशाचा ते थोडक्यात. इस्ना अशरी, म्हणजे बारा इमाम मानणाऱ्या शियांच्या चार प्रमुख हदीससंग्रहांपैकी (हदीस म्हणजे पैगंबर आणि इमामांची परंपरेनं आलेली वचनं) हा एक. कुलैनींचा ‘अल-काफी’ याच्या आधीचा, तूसींचे ‘तहजीब’ आणि ‘इस्तिब्सार’ नंतरचे. याचे कर्ते इब्न बाबवैह, पण लोक ओळखतात ते ‘शेख सदूक’ म्हणून. सदूक म्हणजे अत्यंत सत्यवचनी. हे इराणातल्या कुम शहराचे, म्हणून ‘कुम्मी’. हिजरी 381 मध्ये, म्हणजे 991 साली, वारले. कबर तेहरानलगतच्या रय इथे. ग्रंथात सहा हजारांच्या आसपास हदीस आहेत. सुरुवात पाण्यापासून: कुठलं पाणी शुद्ध, कुठलं अशुद्ध. मग वुजू (नमाजाआधीचं हात-तोंड-पाय शुद्ध करणं), नमाज, जकात, रोजे, हज, आणि पुढे न्यायनिवाडा, धंदा, लग्न, वारसा.

नावाचं खरं मर्म प्रस्तावनेत आहे. सदूक सांगतात की नशिबानं मला परमुलखात, बल्खच्या भूमीत, इलाक नावाच्या कसब्यात आणून टाकलं. मूळ अरबीत शब्द ‘कसबा’च आहे, पुण्याच्या कसबा पेठेतला. तिथे निअमा या नावानं ओळखले जाणारे एक सय्यद भेटले. बोलता बोलता त्यांनी एका पुस्तकाचा विषय काढला. वैद्य मुहम्मद इब्न जकरिया राझी यांनी ‘मन ला यह्दुरुहुत् तबीब’ नावाचं पुस्तक लिहिलं आहे, ज्याच्यापाशी तबीब, म्हणजे वैद्य, नाही त्याच्यासाठी. तसंच एक फिक्हचं लिहून द्या. (राझी म्हणजे रयकर. कुमचा कुम्मी सरळ होतो, रयचा राझी का होतो हे विचारू नका, आपणही सगळी -कर आडनावं कुठे सरळ केली आहेत!) म्हणजे हे नाव वैद्यकातून उसनं घेतलेलं आहे. आडगावात वैद्य मिळत नाही तेव्हा पुस्तक उघडावं, तसा शास्त्री मिळत नाही तेव्हा हे उघडावं. म्हणूनच सदूकांनी हदीसच्या निवेदकांच्या लांबलचक साखळ्या मजकुरातून गाळल्या आणि त्यांची यादी ग्रंथाच्या शेवटी जोडली. घरी वापरायच्या पुस्तकाला ते ओझं नको होतं.

प्रस्तावनेतलं आणखी एक वाक्य मराठी माणसाची गंमत करतं. सदूक म्हणतात, मी मिळेल ते सगळं गोळा करणार नाही. ज्यावर मी फतवा देतो, जे खरं मानतो आणि जे ‘माझ्या आणि माझ्या रबच्या मधली हुज्जत’ आहे, तेवढंच घेईन. वाचताना मी थबकलो होतो. देवाशी हुज्जत? अरबी ‘हुज्जा’ म्हणजे पुरावा, निरुत्तर करणारी साक्ष. तीच मराठीत येईपर्यंत भाजीवाल्याशी घालायची वस्तू झाली. पुरावे देता देता माणसं भांडायला लागतात, त्यामुळे अर्थ घसरला याचं नवल नाही. फतव्याचंही तसंच: मुळात तो विचारलेल्या प्रश्नावर जाणकारानं दिलेलं मत, आपल्याकडे ‘फतवा काढला’ म्हणजे वरून आलेली सक्ती. या वाक्याचा अनुवाद करणाऱ्यानं हुज्जत आणि फतवा हे दोन्ही शब्द जसेच्या तसे ठेवले तर सदूक देवाशी भांडत हुकूम सोडताहेत असं चित्र उभं राहील.

मराठीत नाव काय द्यावं, असंही तुम्ही पुढे विचारलं आहे. घरगुती औषधांच्या पुस्तकांना ‘घरचा वैद्य’ म्हणायची आपली पद्धत आहे. त्या चालीवर ‘घरचा शास्त्री’ हे राझींच्या नकलेला धरून छान बसतं, पण मूळ नावातली अनुपस्थिती त्यात हरवते, आणि ‘शास्त्री’ म्हटलं की वाचकाला शेंडी दिसते. मी ‘फकीह जवळ नसेल तेव्हा’ असं करीन. ‘हजर’ मुद्दाम टाळलं आहे, वर सांगितलेल्या कारणासाठी.