परवान्यात सूट की परवान्यातून सूट?

परदेशी नागरिकांच्या प्रवेशासंबंधीच्या नियमांचा मराठी अनुवाद करताना ‘अमुक व्यक्तींना प्रवेश-परवान्यात सूट आहे’ असे लिहावे, ‘परवान्यातून’ लिहावे की ‘परवान्यापासून’, आणि ‘सूट’ऐवजी ‘सवलत’ किंवा ‘माफी’ चालेल का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

येथे ‘परवान्यात सूट’ टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘किमतीत सूट’ म्हटले की किंमत द्यायचीच असते, फक्त कमी. ‘वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट’ म्हटले की मर्यादा राहते, फक्त सैल होते. बोलताना आपण ‘करात सूट’ दोन्ही अर्थांनी म्हणतो हे खरे, पण नियम वाचणाऱ्याला परवाना मुळीच लागणार नाही की त्याच्या अटी तेवढ्या शिथिल होणार आहेत, हे निःसंदिग्धपणे कळले पाहिजे. ‘सूट’ हा शब्द ‘सुटणे’ या क्रियापदाच्या घरचा आहे आणि माणूस तुरुंगातून सुटतो, कचाट्यातून सुटतो. म्हणून ‘-तून’ हाच प्रत्यय त्याला शोभतो. ‘-पासून सूट’ सरकारी मराठीत रुळलेले असल्याने ते चूक म्हणता येणार नाही, मात्र ‘-पासून’ची खरी जोडी ‘मुक्त’ आणि ‘संरक्षण’ या शब्दांशी जमते.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा, की सूट परवान्यातून नसते, परवाना बाळगण्याच्या अटीतून असते. नेपाळचा नागरिक जमिनीवरून किंवा विमानाने भारतात आला, तर त्याला व्हिसा लागत नाही. तोच चीनमधून किंवा पाकिस्तानातून आला, तर ही सूट लागू होत नाही. शिवाय विमानाने येताना ओळख पटवणारे कागदपत्र दाखवावे लागतेच. अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेतही ठरावीक देशांच्या नागरिकांना पर्यटनासाठी किंवा व्यवसायाच्या कामासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसाविना जाता येते, पण विमानाने निघण्यापूर्वी ऑनलाइन पूर्वमंजुरी घ्यावीच लागते, आणि ती मिळाली तरी प्रवेश द्यायचा की नाही हे सीमेवरचा अधिकारीच ठरवतो. त्यामुळे ‘प्रवेश-परवाना बाळगण्याच्या अटीतून सूट’ ही रचना लांबलचक वाटली तरी मसुद्यात तीच वापरावी. ‘मुक्त प्रवेश’ हा शब्दप्रयोग तर कटाक्षाने टाळावा.

‘सवलत’ शुल्कासाठी किंवा मुदतीसाठी ठेवावी. ‘माफी’त दायित्व मुळात लागू असते आणि ते सोडून दिले जाते, म्हणून ‘दंडमाफी’ योग्य. ज्यांना अट आरंभापासूनच लागू नाही, अशा वर्गासाठी ‘सूट’च हवी. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम ३१ या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असलेल्या प्रदेशातून थेट आलेला, विलंब न लावता अधिकाऱ्यांपुढे हजर झालेला आणि सबळ कारण देणारा निर्वासित विनापरवाना आला म्हणून त्याला शिक्षा करू नये, असे ते सांगते. ही परवान्याच्या अटीतून सूट नव्हे, शिक्षेपासून संरक्षण आहे, आणि अनुवादात येथे ‘सूट’ लिहिल्यास कायद्याचा अर्थच बदलेल.

प्रवाशांसाठीच्या सूचनाफलकावर मात्र यातले काहीही नको. तेथे ‘व्हिसा लागत नाही, ओळखपत्र लागते’ एवढे पुरे.